कोंबड्यांचं जेवण

इंदुरात राजेंद्रनगरच्या एका हॉलमध्ये नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता. गर्दी ओसरली होती आणि मी ताट घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकले होते. ताटात आपल्याकडे असतं तेच सगळं. पनीरची लाल भाजी, डाळ, एक बाफला, म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा, त्यावर जमत चाललेलं तूप, श्रीखंड, आणि विहीणबाईंनी आग्रहाने टाकलेला मुगाचा हलवा. निम्म्याहून जास्त तसंच राहणार होतं हे मला दिसत होतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं, कारण भोवतालच्या सगळ्यांची ताटं तशीच होती. बंटी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, शेजारी येऊन बसला. देपालपूर रोडला त्याची पोल्ट्री आहे. त्याने माझ्या ताटाकडे पाहिलं, मग हॉलभर नजर फिरवली आणि अगदी सहज म्हणाला, "काकू, खरं सांगू? या हॉलमधल्या निम्म्या लोकांपेक्षा माझ्या कोंबड्या चांगलं जेवतात." त्यात टोमणा नव्हता. पोराचा धंदाच तो, त्याने निरीक्षण सांगितलं. मी हसले, हात धुतले, नवरीमुलीच्या हातात पाकीट दिलं आणि बऱ्याच उशिरा घरी आले. पण ते वाक्य काही जाईना.

शेवटी एका रविवारी त्याच्या शेडवर गेले. आत पाऊल टाकण्याआधीच अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, पाणी येतं. मग सवय होते. खाली भाताच्या तुसाचा थर, वर लाल डबे आणि पाण्याच्या निपलच्या रांगा, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या पक्ष्यांचा असा दाट गालिचा की पाय कुठे ठेवावा कळू नये. बंटी त्यांना कोंबड्या फक्त आमच्यासमोर म्हणतो. कामगारांशी बोलताना तो "बर्ड" म्हणतो. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; शेड, वीज, मजूर आणि काळजी याची. पक्षी तयार झाला की कंपनीची गाडी येते आणि याला किलोमागे पाळणावळ मिळते. दाराशी खाद्याची पोती रचलेली होती. मी चश्मा लावून पोत्यावरचं लेबल वाचलं: प्रथिनं किती टक्के, कॅल्शियम किती, तंतू किती, ऊर्जा किती. पहिल्या दिवसांचं प्रीस्टार्टर वेगळं, मग स्टार्टर, मग फिनिशर. त्यात साधारण साठ टक्के मका, पंचवीस-तीस टक्के सोयाबीनची पेंड, थोडं तेल, शिवाय मेथिओनीन आणि लायसिन नावाची अमिनो आम्लं चिमटीने मोजून घातलेली. सव्वातीन-साडेतीन किलो खाद्य घातलं की पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी उभा राहतो. बंटी या गुणोत्तराला एफसीआर म्हणतो आणि त्याचा दुसरा दशांश बिघडला तरी त्याला झोप लागत नाही, कारण पैसे त्यावरच कापले जातात. "गर्मीत खात नाहीत ना काकू, मग एफसीआरची वाट लागते," असं म्हणून त्याने पंख्याखाली निपचित पडलेल्या एका पक्ष्याला चपलेने हळूच ढोसलं. तो उठला, दोन पावलं चालला, पुन्हा बसला. छाती इतकी जड की पायांना पेलवत नव्हती.

त्या पोत्याचा वास माझ्या ओळखीचा होता.

बाबा एका सोया प्लांटमध्ये तोलकाट्यावर नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात इंदूर-देवास-उज्जैनच्या पट्ट्यात हे प्लांट भराभर उभे राहिले. दिवाळीच्या सुमाराला गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागायची, आणि आम्ही शाळा सुटल्यावर बाबांचा डबा घेऊन जायचो तेव्हा शेतकरी ट्रॉलीवरच झोपलेले दिसायचे. मालाची प्रत "दो-दो-दस" या हिशोबाने ठरे: दोन टक्के माती, दोन टक्के दागी म्हणजे खराब दाणे, दहा टक्के नमी म्हणजे ओल. याहून जास्त निघालं की कटौती. आत सोयाबीन भरडून त्याचे पोहे करत आणि हेक्झेनने त्यातलं तेल धुऊन काढत. त्या द्रावणाचा पेट्रोलसारखा वास बाबांच्या शर्टातून कधी गेला नाही. शंभर किलोत तेल निघतं अठरा किलोच्या आसपास. उरते ती पेंड, सगळ्यांच्या तोंडी डीओसी, जिच्यात सेहेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के प्रथिनं असतात. ती भाजून पोत्यांत भरायची आणि ट्रकने कांडल्याला पाठवायची, तिथून जहाजाने आग्नेय आशियात. "तिकडे कोण खातं हे?" असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तिकडच्या कोंबड्या, डुकरं." मला त्याची गंमत वाटली होती. आपल्या माळव्यातलं धान्य परदेशी डुकरं खातात म्हणजे आपण केवढे मोठे!

त्याच काळात सोयाबीन माणसांना खाऊ घालायचेही प्रयत्न झाले. खंडवा रोडवर 1987 साली सोयाबीनचं राष्ट्रीय संशोधन केंद्र उघडलं. महिला मंडळांत सोयाच्या पाककृतींची प्रात्यक्षिकं होत, सोयादूध, सोयापनीर, दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळा. बाबांनी हौसेने तसं दळण आणलं. आजीने एक पोळी केली, वास घेतला आणि परात बाजूला सारली. "हे कच्च्या पावट्यासारखं हिवसतंय. जनावरांना घाला." बाबांनी समजावलं की आधी उकडून, वाळवून दळायला हवं, कच्चं सोयाबीन पोटात पचतच नाही. आजी म्हणाली, ज्या धान्याला इतके लाड करावे लागतात ते गरिबाने कधी खायचं? तिच्या माहेरी सांवेरकडे पावसाळ्यात काळी जमीन चिखल व्हायची म्हणून पुष्कळ शेतं मोकळीच ठेवत, ओल धरून ठेवत, आणि थंडीत त्यावर माळवी गहू येई. बाकी तुकड्यांत ज्वारी, तूर, मूग, उडीद. "डग डग रोटी, पग पग नीर" ती म्हणायची आणि लगेच पुढे जोडायची, नीर गेलं ट्यूबवेलमध्ये, रोटी गेली प्लांटमध्ये. तिचा हिशोब पूर्ण बरोबर नव्हता. मोकळ्या पडणाऱ्या जमिनीत पिवळं सोयाबीन आलं आणि त्या पैशावर माळव्यात पक्की घरं झाली, मुली कॉलेजात गेल्या; माझी फीसुद्धा त्याच पेंडेतून निघाली. पण मूग-उडदाचे तुकडेही गेले, हेही तितकंच खरं.

पुढे मी एका ग्रामीण बँकेत लागले, आणि वसुलीच्या निमित्ताने झाबुआ-थांदलाकडे जाणं होऊ लागलं. उन्हाळ्यात तिथल्या टेकड्या भाजलेल्या असतात. गवताची काडी नाही, आणि बकऱ्या मात्र बाभळीच्या शेंगा चघळत मजेत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर काही दिवसांनी एक संदेश फिरतो, मांस सोडा, जगाची भूक मिटेल. तो वाचला की मला त्या बकऱ्या आठवतात. त्या संदेशात तथ्य नाही असं नाही. 1961 साली जगात सात कोटी टनांच्या आसपास मांस होत असे, आज पस्तीस कोटी टनांच्या वर होतं. माणसं अडीच पटींनी वाढली आणि मांस पाच पटींनी. जगातल्या तृणधान्याचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा जनावरांच्या पोटात जातो आणि सोयाबीनचा तर तीन चतुर्थांश. पण जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये जनावरांच्या एकूण चाऱ्याचा हिशोब मांडला, तेव्हा त्यातलं 86 टक्के माणसाला खाता न येणारं निघालं: गवत, कडबा, पाला, पेंडी. थांदल्याच्या बाईची बकरी कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. ती बाभळीच्या शेंगेचं दूध करते, आणि आजारपणात किंवा लग्नात तिचे रोख पैसे होतात. बंटीचा पक्षी मात्र जो मका खातो तो मका त्याच झाबुआत पानिया, म्हणजे पानांत भाजलेली रोटी, करून माणसं खातात. दोघांना "मांसाहार" या एका पोत्यात भरून निकाल देणारे लोक माझ्या समजण्यापलीकडचे आहेत. त्यातले बरेचसे छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत अर्धी प्लेट टाकून उठतात, हेही मी पाहिलंय.

आमच्या घरात रविवारी मटण होतं, हे सांगून टाकते. होळकरांच्या फौजेबरोबर आलेली माणसं आम्ही; सराफा बाजारातल्या गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, जेवढं प्रेम तेवढंच नळीच्या हाडावर. शेजारच्या जोशीकाकू कुकरची शिट्टी झाली की खिडकी लावून घेतात आणि सोमवारी साबुदाण्याची खिचडी आणून देतात. इतकं सरळ आहे ते.

कडकनाथचं काय झालं ते ऐका. भिल्लांच्या अंगणातला तो काळा कोंबडा, ज्याचं मांसही काळं. वाळवी, किडे, उष्टं-खरकटं टिपून तो मोठा व्हायचा, पाहुणा आला किंवा देवाला बोललं की कापला जायचा. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच झाला आम्हाला, बँकेने त्यावर कर्जंही दिली. नंतर एकदा ओळखीच्या एका घरी गेले तर अंगणात जाळी बांधून आत कडकनाथ पाळलेले. मी म्हटलं, आज जेवायला हाच का? घरधनीण हसली. "अरे बाई, यो तो बिकवा को है." म्हणजे हा विकायचा. घरात तुरीची पातळ डाळ आणि मक्याची रोटी होती. जेवण झकास होतं, पण तिचा धाकटा मुलगा मांडीवर घेतला तर दोन वर्षांचा असून वर्षाच्या पोराएवढा हलका लागला.

देशभरात पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. खुजेपण म्हणजे एका दिवसाची उपासमार नव्हे. महिनोन् महिने पोट भरतं पण अंगाला लागत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि ते मिळतं म्हणून फार मोठं अरिष्ट टळलंय, हे खेड्यांत फिरलेल्या कुणालाही पटेल. पण गहू-तांदळाने उंची वाढत नाही. अंगणवाडीतल्या मुलाला दिवसाला 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं 2013 साली अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा त्यात लिहिलेलं होतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, तेही स्वस्तात. 2015 मध्ये आमच्या मध्य प्रदेशात आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी तो फेटाळला. दूध देऊ, केळी देऊ, अंडं नाही. 2019 मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने अंड्यांची घोषणा केली, 2020 च्या मार्चमध्ये ते सरकार पडलं, विषय संपला. तमिळनाडूतली मुलं शाळेत कधीपासून अंडी खाताहेत. तिकडच्या कोंबड्यांना लागणारी पेंड जिथे पिकते, त्या आमच्या राज्यात अंडं हा भावनांचा प्रश्न. 2023 च्या डिसेंबरात उघड्यावर मांस-अंडी विकायला बंदीचा हुकूम निघाला, तेव्हापासून आमचा अंडेवाला ट्रे पडद्यामागे ठेवतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, इकडेतिकडे बघत हातात देतो. मला प्रत्येक वेळी आपण काही चोरटा माल घेतोय असं वाटतं.

आता कचऱ्याबद्दल, कारण इंदूरकर असून कचऱ्याबद्दल बोललं नाही तर चालायचं नाही.

सकाळी गाडीचं गाणं वाजलं की आमच्या गल्लीत सगळे आपापले डबे घेऊन बाहेर. ओला वेगळा, सुका वेगळा, बाकीचेही प्रकार वेगळे. ओल्यात चुकून पिशवी गेली तर गाडीवरची पोरगी "आंटीजी, ये क्या" म्हणून परत देते. या शिस्तीचा मला अभिमान आहे, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसमोर तो मी मिरवतेही. हा ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे रोज 550 टन ओला कचरा जिरवणारा प्रकल्प आहे, 19 फेब्रुवारी 2022 ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं, आणि त्यातून दिवसाला 17,000 किलो बायो-सीएनजी काढायची सोय आहे. शहरातल्या बसगाड्या त्यावर धावतात. एकदा बसमध्ये बसल्यावर मनात आलं, ही आपल्या साखरपुड्याच्या पनीरवर चाललीय. गंमत वाटली आणि मग वाटेनाशी झाली. कारण वाया जाण्याची जी थोडी टोचणी होती तीही या गाडीने नेली. पोळी शिळी झाली की आई फोडणीची पोळी करायची, भाताची वडी करायची. आता "जाऊ दे, सीएनजी होईल" असं आमच्याकडे सुना गमतीने म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न टाकलं गेलं, त्यातलं साठ टक्के घरांतून. भारतातल्या घरांचं माणशी वर्षाला 55 किलो. आणि 2024 मध्ये जगात 67 कोटींवर माणसं उपाशी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, अहो, इकडचं तिकडे द्या ना.

तेही पाहिलं. त्या साखरपुड्याचं उरलेलं न्यायला रात्री उशिरा दोन मुलं पातेली घेऊन आली. भली मुलं, नोकऱ्या सांभाळून हे करतात. कुतूहल म्हणून मी आणि नणंद त्यांच्यामागून गाडीने गेलो. सरकारी इस्पितळाबाहेर फुटपाथवर रुग्णांचे नातेवाईक पथाऱ्या टाकून होते. त्यांनी घेतलं, आशीर्वाद दिले. पण एक म्हातारी, निमाडकडची असावी, पनीरकडे बघून म्हणाली, "रोज शादी को खानो, बेटा. खिचडी मिले तो देखजे." पोरगा ओशाळला. त्याच्याकडे खिचडी कुठून असणार? लग्नसराईत पनीर आणि हलवा, पितृपक्षात खीर, आणि बाकी चातुर्मासात काहीच नाही, असं त्या फुटपाथचं पंचांग आहे. तिला भूक होती आणि आवडनिवडही होती. भुकेल्या माणसाला आवडनिवड असते हे आपल्याला जरा खटकतं, नाही का? मला तरी त्या क्षणी खटकलं.

मला जे दिसतं ते एवढंच: पेंडेला गिऱ्हाईक आहे, पक्ष्याला आहे, आता तर उष्ट्यालाही आहे. मक्याचं पोतं कुठे जायचं हे थांदल्याच्या मुलाचं वजन बघून ठरत नाही, बंटीचा भाव बघून ठरतं. त्या मुलाच्या आईकडे भुईमूग नाही, मूग नाही, अंडं घ्यायला रोकड नाही, आणि तिच्या वतीने ज्यांनी खरेदी करायची ते दूध-केळ्यांवर भाषण देऊन मोकळे. मी उद्या मटण सोडलं तर जोशीकाकूंची खिडकी उघडी राहील. थांदल्यात काही बदलेल असं वाटत नाही. तरी ब्रॉयलर मी हल्ली आणत नाही. तत्त्व वगैरे काही नाही त्यात. तो चपलेने ढोसलेला पक्षी आठवतो आणि घास फिरतो.

गेल्या महिन्यात बंटी फाइल घेऊन आला. त्याला कंपनीच्या पाळणावळीतून सुटायचंय, स्वतःची लेयर शेड टाकायचीय, अंड्यांची. मी कर्जविभागात होते म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट आधी मला दाखवायचा. खाद्याचे दर, विजेचं बिल, मरतूक, सगळं नीट मांडलं होतं त्याने. "बाजारपेठ" या रकान्यात हॉटेलं, बेकऱ्या, विजयनगरची जिम, ठेलेवाले. मी पेन्सिलीने शेवटी लिहिलं, "अंगणवाड्या, झाबुआ-आलीराजपूर," आणि पुढे प्रश्नचिन्ह. बंटीने वाचलं, डोकं खाजवलं. "देईन ना काकू. रोज गाडी पाठवीन. पाच पैसे कमी घेईन. टेंडर काढायला सांगा त्यांना." मग खिशातून खोडरबर काढून त्याने ती ओळ पुसली, कारण मॅनेजर हसेल म्हणाला, आणि विचारलं की सबसिडीचा अर्ज आधी करायचा की कर्ज मंजूर झाल्यावर.